अभ्यासकाचे बिऱ्हाड

भाड्याने माडी देताना काय विचारायचे, याचे आमच्या बेळगावात ठरलेले चार प्रश्न आहेत. माणसे किती, पाणी किती लागणार, मटण-मासे शिजणार काय आणि अनामत किती देणार. २०१६ च्या जूनमध्ये आमच्या टिळकवाडीतल्या माडीवर एक बिऱ्हाड आले, तेव्हा हे चारही प्रश्न मी विचारले, उत्तरे पटली आणि किल्ली दिली. पाचवा प्रश्न मला ठाऊकच नव्हता. तो सरकारने मला विचारला : परकीय माणसे तुमच्या घरात उतरल्याचे चोवीस तासांच्या आत तुम्ही कळवलेत काय?

मी नव्हते कळवले. हॉटेलवाले भरतात तो ‘सी फॉर्म’ परकीय पाहुणा ठेवणाऱ्या घरमालकालाही भरावा लागतो, हे छत्तीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी इंटरनेट कॅफेत बसून तीन फॉर्म भरले. तिसरा सहा वर्षांच्या मुलीचा होता. भारतात येण्याचा उद्देश, या रकान्यापाशी मी अडलो. पोरगी शेजारीच उभी होती. तिला विचारले, तर म्हणाली, ‘‘मांजर बघायला.’’ आमच्या घरी मांजर आहे, असे तिला आईने सांगून आणले होते.

त्या तिघांची नावे मी लिहीत नाही, देशही सांगत नाही. बाई युरोपातल्या एका लहान देशाच्या विद्यापीठात शिकवत. मराठी उत्तम, कानडी कामापुरते, पण रोज वाढणारे. आपल्या भागातल्या बायका सौंदत्तीच्या यल्लम्माची आणि मैलाराची जी गाणी निम्मी मराठीत, निम्मी कानडीत म्हणतात, तो त्यांचा विषय. नवरा व्हायोलिन शिकवणारा. बाईंच्या पारपत्रावर संशोधनाचा व्हिसा होता. नवऱ्याच्या आणि पोरीच्या पारपत्रावर होता ‘एक्स’.

एक्स! बीजगणितात ज्या राशीची किंमत आपल्याला ठाऊक नसते तिला एक्स म्हणतात, असे मी हजारो पोरांना शिकवले. पण एखाद्या माणसाच्या बायकापोरांना, किंवा बाईच्या नवऱ्याला, सरकार एक्स म्हणत असेल असे कधी वाटले नव्हते. आणि गंमत पाहा, अर्थ तोच. या माणसांची किंमत काय, ती कशासाठी आली, त्यांचे इथे काय काम, हे सरकारला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचेही नाही. ती अभ्यासकाच्या मागून आलेली सामानाची दोन गाठोडी. त्यांनी इथे राहायचे, कमवायचे नाही.

माझे भांडण आहे ते या कल्पनेशी. ज्ञान मिळवायला येणारा माणूस एकटा असतो, एकदाच येतो, एकाच विषयाचे काम करतो आणि मुदत संपली की चालता होतो, असे गृहीत धरून आपले नियम बेतलेले आहेत. रसायनशाळेत काम करणाऱ्याला ते कदाचित चालतही असेल. पण भाषा, देवधर्म, गाणी, शेतीभाती, नात्यागोत्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या बाबतीत यातले प्रत्येक गृहीतक चूक आहे. हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलेले सांगतो.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात ऐंशी ओलांडलेली एक आजी होती. गाण्यांची खाण, असे सगळे म्हणत. बाई तिच्याकडे तीनदा एसटीने गेल्या. तिन्ही वेळा आजीने चहा दिला, भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि गाणे एकही दिले नाही. तिसऱ्या वेळी मी बरोबर होतो. आजी मलाच म्हणाली, ‘‘एकटी बाई गाणं मागायला येतीया. हिचं माणूस कुठं हाय? लेकरू कुठं हाय?’’ मी ते बाईंना नीट समजावून सांगितले. चौथ्या वेळी बाई नवऱ्याला आणि लेकीला घेऊन गेल्या. पोरगी एव्हाना आमच्या शेजारणींकडून दोन्ही भाषा उचलत होती. ती ओसरीवर चढली आणि आजीला म्हणाली, ‘‘ऊटा आतेन्री, आज्जी?’’ जेवलात का, म्हणून कानडीत विचारणारी ती गोरी पोर पाहून आजी हसता हसता खोकू लागली. मग तिने पोरीला जवळ घेतले, नवऱ्याला कांबळ्यावर बसायला सांगितले आणि जात्याचा खुंटा धरून गायला सुरुवात केली. त्या दुपारी अकरा गाणी झाली.

ज्याला आपण लेकुरवाळी म्हणतो, तिच्यासाठी आपल्या खेड्यांतली दारे उघडतात. एकट्या माणसासाठी चहा येतो. हे चांगले की वाईट, तो वाद वेगळा. आहे ते असे आहे. सरकारी दप्तरात जे बिऱ्हाड निव्वळ ओझे म्हणून नोंदले होते, तेच त्या ओसरीवर बाईंचे खरे पारपत्र ठरले. तिथला शिक्का सहा वर्षांच्या पोरीने मिळवला.

आता नवऱ्याचे ऐका. आमच्या पेठेत मुलांचा एक छोटा संगीतवर्ग चालतो. ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले, त्या जिल्ह्यात व्हायोलिन शिकवायला माणूस मिळत नाही, ही आमच्या मंडळाची जुनी रड. आणि इथे माडीवर एक कसलेला शिक्षक दिवसभर भांडी घासत, पोरीच्या वेण्या घालत बसलेला. आठवड्यातून दोन संध्याकाळ, बारा मुले, मानधन नाममात्र, असा ठराव मीच मांडला. नियमाने चालावे म्हणून आधी विचारायला गेलो. ते कुठले कार्यालय ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसाचा दोष नव्हता. एक्सवर काम चालत नाही, म्हणाला. मी म्हटले, मानधन राहू द्या, फुकट शिकवतील. त्यावर तो भला गृहस्थ अगदी कळवळून म्हणाला, ‘‘सर, फुकट शिकवलं तरी काम ते कामच की. उद्या कुणी अर्ज केला तर त्यांनाच त्रास.’’ वर हळूच म्हणाला, ‘‘माझी मुलगी पण तुमच्याच वर्गात हार्मोनियम शिकते.’’

वर्षभर तो माणूस माडीवर एकटाच वाजवत असे. खाली अंगणात आमची बारा पोरे पायरीवर बसून ऐकत. ऐकण्याला परवाना लागत नाही, एवढे आमचे नशीब.

पोरीच्या शाळेचीही तीच तऱ्हा. बाई भल्या म्हणाव्यात अशा मुख्याध्यापिकेने तिला वर्गात बसू दिले, पण हजेरीपटावर नाव घातले नाही. नको ती चौकशी मागे लागायला, म्हणाल्या. पोरगी रोज हजेरीला ‘हजर’ म्हणायची, आणि वहीत ती नव्हतीच. त्या मुख्याध्यापिकेला नियमाने नेमके काय करणे भाग होते, हे तिला ठाऊक नव्हते, मलाही नाही. नियम जेव्हा कुणालाच नीट ठाऊक नसतात तेव्हा सगळे भीतीने वागतात, आणि भीतीने वागणारा माणूस नेहमी नियमापेक्षा दोन पावले पुढे जाऊन कडक होतो.

मग आली मुदत. कुटुंबाच्या व्हिसाची मुदत मुख्य माणसाच्या मुदतीला धरून असावी, अशी नियमाची रीत सांगतात. आमच्या माडीवर ती दिसली नाही. बाईंना एक वर्षाचा व्हिसा मिळाला होता, नवऱ्याला आणि मुलीला सहा महिन्यांचा. तो एकदा चार महिन्यांनी वाढवून मिळाला. एप्रिल २०१७ मध्ये तोही संपत आला. बाईंनी आपल्या कामासाठी आणखी एक वर्ष मागितले होते. तो कागद कुठल्या टेबलावर होता कोण जाणे. बाईंचा निकाल लागल्याशिवाय नवऱ्याचा अर्ज हलणार नाही, आणि नवऱ्याची मुदत मात्र आधी संपणार. दोन समीकरणे, दोन अज्ञात, आणि दोन्ही समीकरणे एकच! असले गणित सुटत नाही, हे आठवीतला पोरगाही सांगेल. मुदतीबाहेर एक दिवस राहिले तर पुढच्या येण्याला कायमचा बट्टा लागेल, या धास्तीने नवरा आणि मुलगी गेली. तीन आठवड्यांनी बाईही गेल्या. आजीची एकशे चाळीस गाणी ध्वनिमुद्रित झाली होती. साधारण तितक्याच गाण्यांच्या पहिल्या ओळी तिने सांगून वहीत उतरवून दिल्या होत्या : पुढच्या सुगीनंतर सावकाश म्हणू या, म्हणाली होती.

मुदतवाढीचे पत्र जुलैत आमच्या पत्त्यावर आले. एक वर्ष मंजूर. आजी सप्टेंबरात गेली.

यावर आमच्या कट्ट्यावरचे एक मित्र जे बोलले ते तुमच्यातल्याही काहींच्या मनात आले असेल, म्हणून लिहितो. ते म्हणाले, ‘‘मास्तर, आपल्या आजीची गाणी गोळा करायला गोरी बाई कशाला पाहिजे? आपली पोरे काय मेली?’’ मेली नाहीत. पुण्याला, बंगळुरूला, टेक्सासला गेली. मी त्या मित्रालाच विचारले, तुमच्या स्वतःच्या आजीची किती गाणी तुम्ही लिहून ठेवलीत? तो रागावला, पण उत्तर त्याच्याकडेही नव्हते आणि माझ्याकडेही नाही. परक्याने येऊन काम करावे, याचा अर्थ आपण करू नये असा होत नाही. गी पॉइटवाँ हे फ्रान्सहून आलेले; ते आणि हेमा राईरकर यांनी माणसे जमवून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तिथे परका आणि आपला असे दोन तट नव्हते. खुंट्याला दोघांचेही हात होते.

दुसरे म्हणणे असे की, हे लोक पूर्वी राज्य करायला आले, आता माहिती गोळा करायला येतात. सरकारने डोळ्यांत तेल घालून बघायला नको काय? बघावे की. पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगू. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. तो कंपनीच्या फौजेतला अधिकारी, त्याला कोण व्हिसा विचारणार? आपल्या शेजारी धारवाडकडे राहिलेला फर्डिनांड किट्टेल हा जर्मन मिशनरी. त्याचा कानडी कोश १८९४ मध्ये निघाला. आपल्यापैकी ज्यांच्या घरात दोन्ही भाषा नांदतात, त्यांच्या कपाटात हे दोन्ही कोश शेजारी शेजारी असतात. माझ्या तरी आहेत. ती माणसे सत्तेच्या नाहीतर धर्मप्रसाराच्या पाठबळाने आली. आज जो येतो तो अर्ज करून, हात जोडून, आपल्या विद्यापीठाचे संलग्नतेचे पत्र मिळवून येतो. सत्तेने आलेल्याला आपण अडवू शकलो नाही, त्याचा राग पत्र घेऊन आलेल्यावर काढायचा, हा कुठला पुरुषार्थ?

आणि जी माणसे अशी आली, त्यांनी काय केले ते तरी पाहा. गुंथर सोन्थायमर हा जर्मन विद्वान धनगरांच्या वाड्यावस्त्यांवरून फिरला आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांवर त्याने १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. आपला खंडोबा, कर्नाटकातला मैलार आणि तेलुगू मुलखातला मल्लण्णा हे एकाच कुळीचे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतेच. पण त्याचा पाठपुरावा करत तीन राज्यांच्या सीमा ओलांडणारी माणसे किती निघाली? खंडोबाला एक बायको वाण्याची, एक धनगराची; दोन बिऱ्हाडे घेऊन हा देव मुलूखभर हिंडला. आजच्या नियमांत त्याचे कठीणच होते.

अ‍ॅन फेल्डहाउस यांचे उदाहरण घ्या. सोन्थायमरचा तो ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला, तो १९८९ मध्ये. शं. गो. तुळपुळ्यांबरोबर त्यांनी प्राचीन मराठीचा कोश केला. तो १९९९ मध्ये छापून आला तेव्हा तुळपुळे जाऊन पाच वर्षे झाली होती. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ चा, त्याचा फेल्डहाउसबाईंनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये निघाला. हे एका फेरीत होणारे काम नव्हे. पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि दर वेळी विषय थोडा सरकतो, कारण आधीच्या कामातूनच पुढचा प्रश्न निघतो. आपला नियम मात्र म्हणतो, ज्या कामासाठी आलात तेवढेच करा. म्हणजे म्हस्कोबासाठी परवाना काढलेल्याला वाटेत विठोबा भेटला, तर त्याने तोंड फिरवावे काय?

काहींनी तर इथेच घर केले. मॅक्सीन बर्नसन फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या, नागरिकत्व घेतले आणि फलटणमध्ये मुलांसाठी शाळा उभी केली. गेल ऑम्वेट कासेगावात सून म्हणून नांदल्या आणि तिथेच २०२१ मध्ये गेल्या. या दोघी आज पहिल्यांदा येऊ लागल्या असत्या, तर किती फेऱ्यांत दमून परत गेल्या असत्या, हा हिशेब मी मनातल्या मनात अनेकदा मांडला आहे. प्रत्येकाने नागरिकच व्हावे, अशी अट तर आपण घालू शकत नाही.

जेम्स लेनचे नाव कुणीतरी घेईलच, तेव्हा मीच घेतो. त्या पुस्तकातली विधाने मनाला डागण्या देणारी होती. पण ५ जानेवारी २००४ रोजी मोडतोड झाली ती भांडारकर संस्थेची. आपल्याच पोथ्यांच्या घराची. चूक करणाऱ्याचा प्रतिवाद करायला पुण्यात विद्वान कमी नव्हते. वाईट पुस्तकाला उत्तर पुस्तकाने देता येते. न लिहिल्या गेलेल्या चांगल्या पुस्तकाचे काय करायचे?

आता जरा आपल्या स्वतःच्या दारात येतो, कारण खरी मेख तिथे आहे. सीमाभागातल्या मराठी घरांतून आज कुणी ना कुणी परदेशी आहे. आमच्याच आळीतल्या एका इंजिनियर सुनेला नवऱ्याच्या मागून अमेरिकेत जाऊन सहा वर्षे घरी बसावे लागले. तिचा व्हिसा एच-४. काम करायला बंदी. सासूबाई दर गणपतीला डोळ्यांना पदर लावायच्या : ‘‘एवढी शिकलेली पोर, सोन्याच्या पिंजऱ्यात घातली हो!’’ मग अमेरिकेने २६ मे २०१५ पासून, ज्यांच्या ग्रीनकार्डाचे काम एका टप्प्यापुढे गेले आहे, त्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मागण्याची सोय केली, तेव्हा त्याच सासूबाईंनी आळीत पेढे वाटले. मी खाल्ले. पुढल्या वर्षी माझ्या माडीवर तसाच एक पिंजरा आला, तेव्हा मात्र आळीत कुणाच्या डोळ्याला पदर लागला नाही. उलट ‘‘नवरा घरी बसून खातोय’’ अशी कुजबुज त्याच सासूबाईंनी केली.

माझी पुतणी २०१९ मध्ये तिकडे एका विद्यापीठात संशोधनासाठी गेली. तिचा व्हिसा जे-१, जावयाचा जे-२. जे-२ वाल्याला अर्ज करून, फी भरून कामाचा परवाना मागता येतो. जावईबापूंना तो पाच महिन्यांनी मिळाला. त्यातली एक मौज सांगण्यासारखी आहे. जे-२ वाल्याची कमाई जे-१ वाल्याच्या पोटापाण्यासाठी वापरायची नाही, असा तिथला नियम. करमणूक, प्रवास, सांस्कृतिक गोष्टींना चालते. म्हणजे जावयाच्या पैशाने नाटक बघायचे, डाळ-तांदूळ पुतणीच्या पैशाने आणायचे. मूर्ख नियम करण्याचा मक्ता काही आपण एकट्यांनी घेतलेला नाही. शिवाय काहींना काम संपल्यावर दोन वर्षे मायदेशी काढण्याची अट असते, ती वेगळीच. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी आपली कौशल्ययादी बदलून भारताला तिच्यातून वगळले, तेव्हा कुठे आपल्या बऱ्याच जणांच्या मानेवरचे ते जोखड उतरले. आणि २०२५ च्या जूनमध्ये तिकडे निघालेल्या विद्यार्थ्यांना, अभ्यासकांना समाजमाध्यमांवरची खाती तपासणीसाठी खुली ठेवा, असाही हुकूम निघाला. तेव्हा अमेरिकेचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. म्हणायचे इतकेच, की जे आपल्या लेकीसुनांसाठी, जावयांसाठी आपण हक्काने मागतो, ते आपल्या माडीवरच्या पाहुण्याला नाकारताना आपली जीभ अडखळत कशी नाही?

सीमाभागातल्या माणसाने तर हे सगळ्यांच्या आधी बोलायला हवे. खिडकीपुढे उभे राहून दुसऱ्याच्या भाषेतला कागद वाचणे म्हणजे काय, हे १९५६ पासून आपल्या तीन पिढ्यांना ठाऊक आहे. मला कानडी वाचता येते, म्हणून त्या वर्षी बाईंचे निम्मे कागद मी उलगडून दिले. ज्याला येत नाही त्याच्या पोटात कसा गोळा येतो, हे मी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

सुधारणा झाल्याच नाहीत असे म्हणणे खोटे होईल. २०१८ पासून परकीयांची नोंदणी, मुदतवाढ हे सारे घरबसल्या संगणकावरून करता येऊ लागले. १९२० चा पारपत्राचा, महायुद्धाच्या तोंडावरचा १९३९ चा नोंदणीचा आणि १९४६ चा परकीय व्यक्तींचा, असे इंग्रजांनी मागे ठेवलेले कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून एकच नवा कायदा आला. मी मोठ्या आशेने त्याचा मराठी गोषवारा वाचला. घरमालकाने कळवायचे, शाळा-कॉलेजांनी कळवायचे, इस्पितळांनी कळवायचे, हे सारे त्यात आहे. अभ्यासकाच्या बिऱ्हाडाला इथे माणसासारखे जगता यावे, असे काही त्या गोषवाऱ्यात मला सापडले नाही. भांडी नवी, आमटी कालचीच.

आणि कडकपणा वाढतोच आहे. केरळातल्या कोळी समाजावर आणि तिथल्या जीवनावर तीस वर्षे काम केलेल्या फिलिप्पो ओसेल्ला यांना मार्च २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या विमानतळावरून परत पाठवले. हिंदीच्या मोठ्या अभ्यासक फ्रान्चेस्का ओर्सिनी यांना २०२५ च्या ऐन दिवाळीत दिल्लीच्या विमानतळावरून माघारी धाडले. मला कारण सांगितले नाही, असे त्या म्हणाल्या. आधीच्या भेटीत व्हिसाच्या अटी मोडल्या म्हणून नाव काळ्या यादीत होते, असे सरकारी गोटातून नंतर वर्तमानपत्रांत आले. अटी मोडल्या असतील, तर दंड करा. लेखी सांगा, उत्तर मागवा. ज्या बाईने उभे आयुष्य आपल्या देशातल्या एका भाषेला दिले, तिला निदान एका कागदाची लायकी तरी द्याल की नाही? पर्यटकाच्या व्हिसावर येऊन अभ्यास करू नये हे खरे. पण अभ्यासाची सरळ वाट सहा-आठ महिन्यांची आणि पर्यटकाची सहा-आठ दिवसांची असेल, तर माणसे कोणत्या वाटेने येणार? पुढचा दरवाजा कुलपात ठेवायचा आणि परसातून आला म्हणून पाहुण्याला चोर म्हणायचे, यातला प्रकार आहे हा.

माझे मागणे फार नाही. अभ्यासकाचा आणि त्याच्या बिऱ्हाडाचा अर्ज एक, निर्णय एक, मुदत एक. जोडीदाराला शिकवण्यासारखे काम रीतसर नोंद करून, कर भरून करू द्या. एका व्हायोलिनवाल्याने देशाची सुरक्षा धोक्यात येत नाही. मुदतवाढीचा अर्ज वेळेत दिला असेल, तर निकाल लागेपर्यंत सगळ्या कुटुंबाला राहू द्या. आणि नाही म्हणायचे असेल, तर कारण देऊन म्हणा.

हे होणार नाही, सरकार कुणाचे ऐकते, असे म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने फर्मान काढले होते, की काही विषयांवर परदेशी विद्वानांबरोबर संगणकावरून चर्चासत्र भरवायचे, तरी आधी परवानगी घ्या. देशातल्या विज्ञान अकादम्यांनी पत्रे लिहिली, आरडाओरड झाली, आणि फेब्रुवारी संपायच्या आत ते मागे घेतले गेले. आमच्या साहित्य संमेलनांत दर वर्षी अकरा-बारा ठराव होतात. त्यांतला एक या विषयावर का होऊ नये? मी गेल्या खेपेला सुचवला होता. ‘‘विषय साहित्याचा नाही,’’ असे व्यासपीठावरून सांगण्यात आले.

दोष सगळा दिल्लीचाच आहे, असेही नाही. संलग्नतेचे पत्र आपली विद्यापीठे देतात, आणि त्या एका पानाला बाईंना २०१५ साली पाच महिने लागले होते. विभागप्रमुख रजेवर होते, मग कुलसचिव बदलले, मग फाईल सापडेना. त्या विद्यापीठाचे नाव घेऊन काय करू? दुसरीकडे दोन महिन्यांत मिळाले असते, एवढेच.

ती वही अजून माझ्याकडे आहे. एकशे अडतीस गाण्यांच्या पहिल्या ओळी. आजीच्या धाकट्या जावेला त्यांतली तीसेक येतात म्हणे. तीही आता पंचाहत्तरीची झाली. मी जाऊन विचारले, तर तिने चहा दिला. बाईंचे पत्र आले आहे, पुन्हा यायचे म्हणतात. पोरगी आता पंधरा-सोळा वर्षांची झाली, तिलाही यायचे आहे. म्हणजे आता तिलाही नोंदणी करावी लागणार. आमचे ते मांजर गेले, त्याची नात आहे. संलग्नतेच्या पत्रासाठी बाईंच्या वतीने मी स्वतः जाऊन अर्ज दिला. आवक-जावक विभागातून पोच मिळाली आहे.